पूल टेबलाच्या कापडाचा रंग: मरून, काळा, हिरवा की निळा?

कोल्हापूरच्या ताराबाई पार्कातील आपल्या घराच्या वरच्या मजल्यावर आठ फुटी पूल टेबल आहे, त्याचे कापड बदलायचे आहे आणि रंग ठरत नाही, असा आपला प्रश्न आहे. सजावटकाराने सागवानी फर्निचरला शोभेल म्हणून मरून सुचवला आहे, दुकानदार डाग दिसत नाहीत म्हणून काळा घ्या म्हणतो, थोरल्या काकांना हिरव्याशिवाय दुसरा रंग पटत नाही, आणि याच काकांना लाल-हिरव्यातला फरक नीट कळत नाही, हेही आपण कळवले आहे. टेबल बसवणे आणि त्यावर कापड चढवणे हेच माझे काम असल्यामुळे आधी थेट उत्तर देतो. विक्रेते ज्याला टूर्नामेंट ब्लू किंवा इलेक्ट्रिक ब्लू म्हणतात, तो मध्यम उजळ निळा रंग आपण घ्यावा. तो मिळाला नाही, तर निळसर हिरवा चालेल. मरून आणि काळा हे दोन्ही मात्र विचारातूनच काढून टाकावेत.

रंग निवडताना बहुतेक घरांत भिंती, पडदे आणि लाकूड यांच्याशी मेळ बघितला जातो. टेबल खोलीत सर्वांत मोठी जागा अडवते, त्यामुळे तसे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु खेळणारा माणूस कापडाकडे बघत नसतो, तो कापडावरच्या बॉलची कड बघत असतो. नेम धरताना पांढरा बॉल समोरच्या बॉलला नेमका कुठे स्पर्श करील याचा अंदाज त्या कडेवरूनच बांधला जातो, आणि कट, म्हणजे बॉलच्या बाजूला लागणारा तिरका फटका, जितका पातळ, तितके त्या कडेचे महत्त्व वाढते. पूलच्या बॉलचा व्यास ५७.१५ मिलिमीटर असतो आणि आठ फुटी टेबलाची खेळण्याची जागा साधारण ८८ × ४४ इंच असते. या टोकाच्या कुशनजवळून, म्हणजे टेबलाच्या रबरी काठाजवळून, त्या टोकाच्या पॉकेटजवळचा बॉल मारायचा असेल, तर दोन-सव्वादोन मीटर अंतरावरच्या त्या लहानशा गोलाची कड आणि तिच्यामागचे कापड यांत डोळ्याला तत्काळ फरक दिसला पाहिजे.

हा फरक रंगाच्या नावावर फारसा अवलंबून नसतो, तो प्रामुख्याने रंगाच्या उजळपणावर अवलंबून असतो. लांबून आणि क्षणभरात बघताना डोळा कड ओळखतो ती मुख्यतः उजेड-अंधाराच्या फरकावरून. त्यामुळे निळ्या कापडावर २ नंबरचा निळा बॉल हरवेल, ही अनेकांना वाटणारी भीती बऱ्याच अंशी निराधार आहे. तो बॉल गडद निळा असतो, कापड त्याहून बरेच उजळ असते, आणि दोन्ही निळे असूनही कड स्वच्छ दिसते. उलट गर्द हिरव्या कापडावर ६ नंबरचा हिरवा बॉल खरोखर बुडतो, कारण तिथे रंगही जवळचा असतो आणि गडदपणाही जवळचा असतो.

आता मरूनकडे येऊ. आपल्याकडे मरूनचा नमुना आला असेल, तर तो टेबलावर पसरा, त्यावर ७ नंबरचा बॉल ठेवा आणि टेबलाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन, क्यू, म्हणजे बॉल मारायची काठी, धरताना वाकतो तसे वाकून बघा. बॉलच्या माथ्यावर दिव्याचा ठिपका चमकताना दिसेल, नंबराचे पांढरे वर्तुळ दिसेल, पण खालचा अर्धा भाग कापडात मिसळून गेलेला असेल आणि बॉल कापडावर नेमका कुठे टेकला आहे हे सांगता येणार नाही. पूलच्या संचात ३ आणि ११ लाल, ५ आणि १३ नारिंगी, ७ आणि १५ मरून असतात. म्हणजे काळा ८ सोडून उरलेल्या चौदा रंगीत बॉलपैकी सहा या कापडाच्या जवळच्या कुळातले आहेत. शिवाय कापडावरून परतणारा उजेड बॉलच्या खालच्या भागावर पडतो, त्यामुळे लाल कापडावर पांढऱ्या बॉलच्या बुडाशीही तांबूस झाक येते. सजावटकाराला हे ठाऊक असण्याचे कारण नाही. त्याने खोली दिवसा, बॉल नसताना पाहिलेली असते.

काळ्या कापडाची अडचण वेगळी आहे आणि ती दुकानात उभे राहून लक्षात येत नाही. टेबलावरील प्रत्येक बॉलखाली दिव्यामुळे एक लहान सावली पडते, आणि बॉल किती लांब आहे, दोन बॉल एकमेकांना चिकटले आहेत की त्यांच्यात कागदाएवढी फट आहे, याचा अंदाज आपण नकळत त्या सावलीवरून घेत असतो. काळ्या कापडावर सावली दिसतच नाही. ८ नंबरचा बॉल, ज्यावर एट-बॉल या खेळप्रकाराचा निकाल लागतो, तोच सर्वांत कमी दिसतो. डाग दिसत नाहीत हे म्हणणेही अर्धेच खरे आहे. चहाचा डाग दिसणार नाही, हे कबूल. परंतु पूल टेबलावर रोज पडते ती क्यूच्या टोकाला लावतात त्या चॉकची पूड, आणि काळ्या पृष्ठभागावर ती लगेच उठून दिसते. ब्रेकच्या, म्हणजे डाव सुरू करणाऱ्या, जोरदार फटक्याने पांढरा बॉल कापडावरून घसरतो तेव्हा घर्षणाच्या उष्णतेने बारीक पांढरट ठिपके उमटतात. हे ठिपके पुसून जात नाहीत, आणि गडद कापडावर ते कायम डोळ्यांत खुपतात. त्यात कोल्हापूरचा पावसाळा आला की हाताला घाम आणि दमटपणा असतो, क्यू बोटांवरून सरकावा म्हणून खेळाडू हाताला पावडर लावतात, आणि तासाभरात रेलवर, म्हणजे टेबलाच्या काठाच्या पट्ट्यांवर, पंजांचे ठसे दिसू लागतात. काळ्या आणि गडद निळ्या टेबलावर हे ठसे पाहून लोकांना कापड जुने झाल्यासारखे वाटते, मग ते कितीही नवे असो.

उलट टोकाला फिकट करडा आणि उंटाच्या रंगाचा, म्हणजे कॅमल, हे रंग येतात. फोटोत ते फार छान दिसतात. प्रत्यक्षात पांढऱ्या बॉलची आणि पट्ट्याच्या बॉलच्या पांढऱ्या टोप्यांची कड त्यांवर पुसट होते, आणि निळा चॉक वापरला तर महिन्याभरात कापड मळकट दिसते. फक्त घरच्या घरी, हौसेने खेळायचे असेल आणि चॉकही जुळणाऱ्या रंगाचा वापरणार असाल, तर मध्यम करडा सहन होतो. त्याहून फिकट नको.

हिरव्याबद्दल थोडे अधिक लिहितो, कारण काकांचे म्हणणे नुसत्या सवयीतून आलेले नाही. पूल ज्यातून निघाला तो बिलियर्ड्सचा खेळ युरोपात पंधराव्या शतकात हिरवळीवरून घरात, टेबलावर आला, आणि गवताचा हिरवा रंग कापडाच्या रूपाने टेबलावर राहिला. पुढे १८७५ मध्ये जबलपूरच्या लष्करी छावणीत नेव्हिल चेंबरलेन या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने (पंतप्रधान चेंबरलेन ते वेगळे) स्नूकरला रूप दिले आणि उटीच्या क्लबात त्याचे नियम लिहून लागले, तेही हिरव्याच टेबलावर. पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स १९५८ मध्ये बिलियर्ड्सचे हौशी जागतिक अजिंक्यपद जिंकून वैयक्तिक क्रीडाप्रकारातील भारताचे पहिले विश्वविजेते ठरले, आणि त्यांच्यापासून पंकज अडवाणींपर्यंत आपल्या सर्व मोठ्या खेळाडूंची नजर हिरव्यावरच तयार झाली. हिरव्याच्या बाजूने शरीरशास्त्रातले एक कारणही सांगता येते. पुरेशा उजेडात माणसाचा डोळा सुमारे ५५५ नॅनोमीटरच्या, म्हणजे पिवळसर हिरव्या प्रकाशाला सर्वाधिक प्रतिसाद देतो, म्हणून तेवढ्याच दिव्यात पिवळसर हिरवे कापड अधिक उजळ भासते.

पण बाजारात हिरवा हा एक रंग नाही. पिवळसर हिरवा, निळसर हिरवा आणि जुन्या क्लबांची आठवण करून देणारा गर्द हिरवा असे निदान तीन प्रकार समोर येतात, आणि लोक हौसेने तिसरा उचलतात. जागतिक पूल संघटनेच्या साहित्यविषयक नियमांत स्पर्धेसाठी पिवळसर हिरवा, निळसर हिरवा आणि इलेक्ट्रिक ब्लू एवढेच रंग मान्य केले आहेत. तिन्ही रंग मध्यम उजळ आहेत, हे लक्षात घ्यावे. पांढरा बॉल चमकून दिसावा इतके ते गडद आहेत आणि काळ्या बॉलची सावलीही दिसावी इतके उजळ आहेत. काकांचा आग्रह हिरव्याचाच राहिला, तर निळसर हिरवा घेऊन त्यांचा मान राखता येईल आणि खेळही बिघडणार नाही. गर्द हिरवा मात्र घेऊ नये.

तरीही मी निळाच सुचवतो, आणि त्याचे मुख्य कारण आपले काका आहेत. लाल-हिरव्यातला फरक कमी दिसणे ही बहुधा जन्मजात गोष्ट असते आणि ती स्त्रियांपेक्षा पुरुषांत बरीच अधिक आढळते. अशा डोळ्यांना लाल, हिरवा, तपकिरी आणि मरून हे रंग एकमेकांजवळ सरकलेले दिसतात. हिरव्या कापडावर या रंगांचे बॉल कापडातच मिसळू लागतात, म्हणजे अडचण बॉल-बॉलमधली न राहता बॉल आणि टेबल यांच्यातली होते. निळे कापड या गटाच्या बाहेर असल्यामुळे त्यावर लाल, हिरवे, मरून असे सर्व बॉल निदान कापडापासून वेगळे उठून दिसतात. इंग्लंडचे पीटर एब्डन हे स्नूकरचे विश्वविजेते रंगांध आहेत आणि लाल व तपकिरी बॉलमध्ये त्यांचा गोंधळ होत असे, हे सर्वश्रुत आहे. एवढ्या उंचीवरचा खेळाडूही ज्यातून सुटला नाही, ती अडचण घरच्या टेबलावर काकांनी सोसावी, असे मला वाटत नाही.

निळ्याची एक उणीव प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. ४ आणि १२ नंबरचे जांभळे बॉल निळ्या कापडावर थोडे दबतात, आणि लाल-हिरव्याची अडचण असलेल्या माणसाला जांभळा व निळा हे रंगही सारखेच वाटू शकतात. यावर उपाय आहे. दूरचित्रवाणीवर दिसावेत म्हणून काढलेल्या बॉलच्या संचांत ४ नंबर जांभळ्याऐवजी गुलाबी आणि ७ नंबर मरूनऐवजी फिकट तपकिरी असतो. असा संच निळ्या कापडावर फार स्वच्छ दिसतो. बॉल लगेच बदलायचे नसतील तरी हरकत नाही. एट-बॉलमध्ये अखंड आणि पट्ट्याचे एवढाच भेद पुरतो, नाइन-बॉलमध्ये मात्र नंबराच्या क्रमाने मारायचे असल्यामुळे काकांना कधीकधी जवळ जाऊन नंबर वाचावा लागेल.

येथपर्यंतचे सगळे विवेचन आपल्या खोलीतील दिव्यावर अवलंबून आहे, आणि कोल्हापुरातल्या घरांत मला सर्वांत जास्त दुर्लक्ष दिसते ते याच ठिकाणी. संघटनेच्या नियमानुसार टेबलाच्या पृष्ठभागावर आणि रेलवर प्रत्येक ठिकाणी निदान ५२० लक्स प्रकाश हवा. बाजूला सरकवता येणारा दिवा टेबलाच्या पृष्ठभागापासून ४० इंचांहून खाली नको, आणि पक्का बसवलेला असेल तर ६५ इंचांहून खाली नको. टेबलाच्या मध्यावर एकच शोभेचा दिवा टांगला की मधोमध झगझगाट होतो आणि चारही कोपऱ्यांतली पॉकेट अंधारात जातात. मग कोणताही रंग घेतला तरी कोपऱ्यात तो गडदच दिसतो. टेबलाच्या लांबीइतक्या पट्टीत बसवलेले एलईडी, वर झाकण आणि खाली दुधी प्लॅस्टिकचा पत्रा, एवढी रचना स्थानिक इलेक्ट्रिशियन सहज करून देतो. दिव्याच्या रंगाचे तापमान ४००० ते ५००० केल्विनच्या दरम्यान आणि रंगदर्शन निर्देशांक (सीआरआय, म्हणजे दिव्याखाली रंग किती खरे दिसतात याचे माप) ९० च्या पुढे असावा. पिवळ्या, २७०० केल्विनच्या दिव्याखाली निळे कापड मलूल दिसते, आणि स्वस्त एलईडीखाली लाल, नारिंगी व मरून बॉल एकमेकांसारखे दिसू लागतात.

म्हणूनच रंग दुकानातल्या ट्यूबलाइटखाली किंवा मोबाईलच्या पडद्यावर ठरवू नये. मुंबई-पुण्याच्या विक्रेत्यांकडून निदान हातरुमालाएवढे नमुने मागवावेत, ते आपल्याच टेबलावर, आपल्याच दिव्याखाली, रात्री पसरावेत आणि प्रत्येक नमुन्यावर पांढरा, २, ४, ६, ७ आणि ८ हे बॉल ठेवून टेबलाच्या दुसऱ्या टोकाकडून बघावे. काकांना बोलावून त्यांनाही बघायला सांगावे, आणि त्यांच्या मताला सर्वांत जास्त वजन द्यावे. मग मोबाईलने त्याच जागेवरून फोटो काढून तो कृष्णधवल करावा. रंग निघून गेल्यावर ज्या नमुन्यावर सहाही बॉलची पूर्ण गोल कड दिसते, तो नमुना उजळपणाच्या कसोटीला उतरला. मरून नमुन्यावरचा ७ नंबर आणि काळ्यावरचा ८ नंबर या फोटोत जवळजवळ नाहीसे झालेले दिसतील, आणि घरातल्या मंडळींची समजूत घालायला तेवढा फोटो पुरेल.

रंगाच्या आधी कापडाची जात ठरवलेली बरी. पूलसाठी वर्स्टेड, म्हणजे विंचरून सरळ केलेल्या लांब तंतूंच्या लोकरीच्या पिळदार धाग्याचे, लव नसलेले कापड घ्यावे. स्पर्धेच्या नियमांत त्यात निदान ८५ टक्के लोकर आणि जास्तीत जास्त १५ टक्के नायलॉन अपेक्षित आहे. बेल्जियमच्या सिमोनिसचे ८६० हे कापड ९० टक्के लोकरीचे असून मोठ्या स्पर्धांत अनेक वर्षे वापरात आहे. घरगुती वापरासाठी त्याहून स्वस्त पर्यायही चालतात, पण लोकरीचे प्रमाण विचारून घ्यावे. स्नूकरच्या टेबलावर असते ते लव असलेले कापड पूलला चढवू नये. त्याची लव बॉकच्या, म्हणजे डाव सुरू होतो त्या, बाजूकडून काळ्या बॉलच्या स्पॉटकडे झुकलेली असते, बॉलच्या वाटेवर तिचा परिणाम होतो, आणि एकाच कापडाची छटा या बाजूने व त्या बाजूने बघताना वेगवेगळी दिसते. कोल्हापूरजवळच्या गांधीनगरची पेठ आणि इचलकरंजीचे माग कापडासाठी कितीही नावाजलेले असले, तरी तिथे मिळणारे निळे पॉलिस्टर किंवा सुती कापड टेबलावर ओढून बसवण्याचा मोह टाळावा. रंग हुबेहूब मिळेल, पण बॉलची धाव मिळणार नाही. एकाच प्रतीच्या कापडात रंग बदलल्याने टेबलाचा वेग जाणवण्याइतका बदलत नाही, तेव्हा निळे कापड हळू चालते किंवा हिरवे वेगवान असते, अशा गप्पांकडे लक्ष देऊ नये.

मागणी देताना मधला भाग आणि सहाही रेलच्या पट्ट्या एकाच ताग्यातून कापून द्यायला सांगावे. रंगाईचा लॉट बदलला की छटा किंचित बदलते, आणि मधले कापड व रेल शेजारीशेजारी असल्यामुळे तो फरक लपत नाही.

रंग टिकवण्याच्या दृष्टीने आपल्या खोलीतील पश्चिमेची मोठी खिडकी मला चिंतेची वाटते. ऊन कोणत्याही कापडाचा रंग उडवते, आणि टेबलाच्या एकाच बाजूवर ते रोज पडत असेल, तर दोन उन्हाळ्यांत टेबल दुरंगी दिसू लागेल. खिडकीला जाड पडदा लावावा आणि खेळ नसताना टेबल झाकून ठेवावे. झाकण उन्हाळ्यात कोणतेही चालेल. पावसाळ्यात मात्र प्लॅस्टिकचे किंवा रेक्झिनचे नको, कारण लोकर हवेतली ओल शोषून घेते आणि अशा झाकणाखाली ती अडकून कापडाला कुबट वास येतो. जाड सुती चादर उत्तम. जुलै-ऑगस्टमध्ये टेबल थोडे मंद चालणारच, म्हणून नव्या कापडाच्या वेगाबद्दलचे मत दिवाळीनंतर बनवावे.

चॉक कापडाच्याच रंगाचा घ्यावा. निळ्या कापडावर हिरवा चॉक किंवा हिरव्यावर निळा चॉक वापरला, की पांढऱ्या बॉलच्या वाटेवर फिकट रेघा उमटतात आणि त्या कापडात मुरतात. येणाऱ्या पाहुण्याच्या खिशातही चॉक असतो, म्हणून टेबलापाशी आपलाच चॉक वापरण्याचा नियम पहिल्या दिवसापासून ठेवावा. चॉकचा खडा रेलवर तोंड खाली करून ठेवू नये. आठवड्यातून एकदा मऊ ब्रशच्या व्हॅक्यूमने पूड ओढून घ्यावी आणि बॉल ओल्या फडक्याने पुसून कोरडे करावेत, कारण कापडावर दिसणारा बराचसा मळ बॉलवरूनच आलेला असतो.

कापड चढवून झाल्यावर कारागिराकडून उरलेले तुकडे मागून घ्यावेत आणि त्यांतला एक मोठा तुकडा कागदात गुंडाळून कपाटात, अंधारात ठेवावा. त्याच्या मागे कापडाचे नाव, छटा आणि बसवल्याचा महिना लिहून ठेवावा. पुढे टेबलाचा रंग किती उतरला हे त्या तुकड्याशी ताडून बघता येईल, आणि रेलची एखादी पट्टी फाटली तर नवीन कापड मागवताना विक्रेत्याला तोच तुकडा पाठवता येईल.